वाढ मंदावली की जीएफपी वर जातं: प्रमोटर जागा झाला, की विरलन थांबलं?

तिरकी_रेघ

नमस्कार मंडळी. माझं शिक्षण यांत्रिकी अभियांत्रिकीचं, सध्या काम मात्र जिवाणूंमधल्या जनुक अभिव्यक्तीची गणिती मॉडेलं बांधण्याचं. समीकरण सोडवताना अडत नाही. त्यातलं एखादं पद पेशीत नेमकं काय करतं, हे कळत नाही तेव्हा अडतं.

आमच्याकडे ई. कोलायचा एक स्ट्रेन आहे. त्यात जीएफपी या चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक अशा प्रमोटरखाली (जनुक जिथून चालू होतं ती डीएनएवरची जागा) बसवलंय, ज्याला माहितीतला एकही रिप्रेसर किंवा अ‍ॅक्टिव्हेटर, म्हणजे दाबणारा किंवा चालना देणारा रेग्युलेटर, नाही. एम९ माध्यम, थोडंच ग्लुकोज, ३७ अंश तापमान, ९६ वेलची प्लेट. दर ६ मिनिटांनी ओडी (कल्चर किती गढूळ, म्हणजे पेशी किती) आणि फ्लुओरेसन्स (जीएफपीची चमक) मोजतो. ग्लुकोज आहे तोवर पेशी साधारण तासाला दुप्पट होतात आणि 'जीएफपी भागिले ओडी' ही रेघ बऱ्यापैकी सपाट असते. ग्लुकोज संपत आलं की ओडीची चढण मंदावते, आणि नेमकी तेव्हाच ही रेघ वर जायला लागते. पुढे दोन-तीन तास चढतच राहते.

गटातल्या एका मतानुसार उपासमारीमुळे प्रमोटर सक्रिय झालाय, तेव्हा मॉडेलमध्ये एक रेग्युलेटर घाला. मला हे पटत नाही. पुरावा नसलेला रेग्युलेटर आणि त्याचे तीन मोकळे पॅरामीटर घातले तर कुठलाही डेटा फिट होईल. पण मग ही वाढ कशाची, याचं उत्तर माझ्याकडेही नाही.

शोधनिबंध वाचले तर काहींमध्ये प्रथिन घटण्याच्या पदात फक्त विघटनाचा दर असतो, काहींमध्ये विघटनाचा दर अधिक पेशींच्या वाढीचा दर. दुसऱ्या प्रकारात वाढीचा दर बहुधा स्थिर धरलेला असतो. माझ्या डेटात तो स्थिर नाही, तिथेच तर सगळी गोष्ट घडतेय. हा वाढीचा दर तिथे येतो कुठून? पेशी विभागतात म्हणून का? तो क्षणाक्षणाला बदलत असेल तर समीकरण टिकतं का? आणि निर्मितीचं पद स्थिर ठेवलं तर चालेल का?

अगरप्लेट

तुमचा दुसरा प्रश्न वाचून बरं वाटलं. वाढीचा दर एकदा स्थिर धरला की तो कोपऱ्यात पडून राहतो आणि मग डेटातली प्रत्येक हालचाल कुठल्या ना कुठल्या रेग्युलेटरच्या नावावर जमा होते. मी प्रयोगही करते आणि मॉडेलंही लिहिते, आणि प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला आधी हेच सांगते: वाढीचा हिशेब पूर्ण झाल्याशिवाय नियमनाबद्दल बोलायचं नाही.

आधी पहिलं. याचा विभाजनाशी संबंध नाही. समजा एका पेशीत एका प्रथिनाचे १००० रेणू आहेत. पेशी विभागली की प्रत्येकीकडे साधारण ५०० रेणू जातात, पण प्रत्येकीचं आकारमानही निम्मं होतं. म्हणजे विभाजनाच्या क्षणी संहती हलतच नाही. ती घटते दोन विभाजनांच्या मधल्या काळात, पेशी लांब होत असताना. रेणू तेवढेच, जागा वाढली. हेच विरलन. गणितात लिहायचं तर संहती म्हणजे रेणूंची संख्या भागिले आकारमान. या भागाकाराचं विकलन करा, दोन पदं मिळतात:

संहतीतल्या बदलाचा दर = दर एकक आकारमानामागे नवीन रेणू − (विघटनाचा दर + वाढीचा दर) × संहती

इथला वाढीचा दर म्हणजे आकारमान वाढण्याचा वेग भागिले त्याच क्षणाचं आकारमान. तो स्थिर आहे असं या मांडणीत कुठेही गृहीत धरलेलं नाही. तेव्हा दर बदलत असला तरी समीकरण जसंच्या तसं लागू आहे, फक्त त्यात स्थिरांकाऐवजी काळानुसार बदलणारा दर भरा. तो तुमच्या ओडीच्या वक्रातच आहे: ओडीच्या लॉगॅरिदमचा चढ. ओडी ढोबळमानाने एकूण जीवभाराच्या प्रमाणात असतो, त्यामुळे आकारमानाच्या जागी तो चालतो.

कुठलं पद कधी जड हे आकड्यांवरून ठरतं. ई. कोलायमध्ये एम-आरएनएचं (प्रथिन बनवायला वापरली जाणारी जनुकाची नक्कल) अर्धायुष्य काही मिनिटांचं असतं, आणि तुमच्या पेशी दुप्पट व्हायला ६० मिनिटं घेतात. त्यामुळे एम-आरएनएच्या समीकरणातून वाढीचा दर वगळला तरी फारसं बिघडत नाही. प्रथिनांचं उलटं. ई. कोलायमधली बहुतेक प्रथिनं टिकाऊ असतात, आणि शेपटीला विघटनाची खूण जोडली नसेल तर जीएफपी फारच टिकाऊ. त्याची संहती कमी व्हायला पेशी वाढणं हा एकच मार्ग आहे. पेशी वाढायच्या थांबल्या की तोही बंद. त्यानंतर निर्मिती अगदी थोडी जरी चालू राहिली तरी रेघ वरच जाणार. तुमच्या आलेखात हेच दिसतंय असं मला वाटतं.

मात्र इथे थांबू नका. तुमचा तिसरा प्रश्न या सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि लोक नेमका तोच सोडून देतात.

समजा निर्मिती तासाला १०० एकक अशी स्थिर आहे. पेशी ३० मिनिटांत दुप्पट होत असतील तर वाढीचा दर तासाला १.३९ आणि स्थिर अवस्थेतली संहती सुमारे ७२. दुप्पट व्हायला ६० मिनिटं लागत असतील तर सुमारे १४४, आणि १२० मिनिटं लागत असतील तर २८८. जनुकाला कुणी हात लावला नाही, तरी संहती चौपट. आता दुसरी शक्यता घ्या. वाढ ३० मिनिटांवरून १२० मिनिटांवर आली, आणि त्याबरोबर निर्मितीही १०० वरून ३० वर घसरली. संहती किती? सुमारे ८७. म्हणजे आलेखावर ७२ चे ८७ झाले, 'किंचित वाढ' अशी नोंद झाली, आणि प्रत्यक्षात जनुकाचं काम तिपटीहून जास्त मंदावलेलं होतं.

आणि निर्मिती घसरतेच. मंद वाढणाऱ्या पेशीत रायबोसोम (प्रथिनं बनवणारी यंत्रं) कमी असतात, मोकळा आरएनए पॉलिमरेज (जनुकाची आरएनए नक्कल काढणारं विकर) किती मिळतो तेही बदलतं, जनुकाच्या प्रती कमी असतात. हे सगळ्या जनुकांना लागू आहे, रेग्युलेटर असो वा नसो. म्हणून 'जीएफपी भागिले ओडी' ही रेघ बघून प्रमोटरबद्दल काही बोलू नये. ती संहती आहे. प्रमोटर किती काम करतोय ते हवं असेल तर निर्मितीचा दर काढायला लागतो, आणि तो काढायची युक्ती मला अजूनही फार सुंदर वाटते. वरच्या समीकरणात संहतीच्या जागी फ्लुओरेसन्स भागिले ओडी घाला आणि विघटन शून्य धरा. वाढीचा दर असलेली दोन्ही पदं एकमेकांना छेद देतात, उरतं ते एवढंच:

निर्मितीचा दर = एकूण फ्लुओरेसन्सचा चढ ÷ त्या क्षणाचा ओडी

हे काढून बघा आणि रेघ कुठे जाते ते इथे लिहा.

तिरकी_रेघ

अगरप्लेटताई, मनापासून आभार. संहती विभाजनाच्या क्षणी बदलत नाही, हे इतकं सरळ असून कुठे लिहिलेलं सापडलं नव्हतं.

हिशेब करून पाहिला. ग्लुकोज असेपर्यंत निर्मितीचा दर जवळपास सपाट आहे, आणि ओडीची चढण मोडते तिथून तो खाली येतो. संहती वर जात असताना निर्मिती घसरतेय! प्रमोटर 'सक्रिय' झाला म्हणणं उलट्या दिशेचं ठरतं. दोन वेगळे आलेख दाखवण्याऐवजी दोन्ही रेघा एकाच कागदावर काढून गटाला दाखवल्या, आणि नव्या रेग्युलेटरची चर्चा तिथेच थांबली.

दोन अडचणी उरल्यात. पहिली, सुरुवातीच्या तासाभरात हा दर भयंकर उड्या मारतो, कधीकधी ऋणही येतो. दुसरी मॉडेलची आहे. निर्मिती वाढीबरोबर घसरते हे मान्य. मग निर्मिती म्हणजे वाढीच्या दराचंच एक फलन असं लिहून टाकू का? एक पॅरामीटर वाचेल.

बेरीज

मी गणिताच्या बाजूचा आहे, तेव्हा एक भर घालतो. तुम्ही वाढीचा दर बाहेरून दिलेला धरताय: ओडीवरून काढायचा आणि समीकरणात भरायचा. एका साध्या जीएफपीसाठी ते ठीक आहे. पण प्रथिन भरपूर बनत असेल तर त्याचा भार वाढीवर पडतो आणि बाण उलट्या दिशेनेही जातो. पेशीला उपयोग नसलेलं प्रथिन तिच्याकडून बनवून घेतलं तर वाढीचा दर जवळजवळ सरळ रेषेत उतरतो. २०१० साली मॅथ्यू स्कॉट, टेरेन्स ह्वा आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये हे दाखवलं. ती रेषा पुढे वाढवली तर एकूण प्रथिनांतला निम्म्याच्या आसपास हिस्सा असा वाया गेला की वाढ शून्यावर येते.

यातून जे गणित निघतं ते मला विलक्षण वाटतं. प्रथिन वाढलं की वाढ मंदावते, वाढ मंदावली की विरलन कमी होतं, विरलन कमी झालं की प्रथिन आणखी वाढतं. हा धन प्रतिभरण झाला, आणि तो कुठल्याही प्रमोटरवर लिहिलेला नाही. २००९ साली तान, मार्गे आणि यू यांनी याचा प्रत्यक्ष नमुना दिला. टी७ आरएनए पॉलिमरेज स्वतःचीच निर्मिती वाढवतो असं सर्किट त्यांनी ई. कोलायमध्ये घातलं. हा पॉलिमरेज एकेकटा काम करतो, त्याच्या जोड्या बनायला लागत नाहीत. म्हणजे साध्या हिशेबाने अशा सर्किटला एकच स्थिर अवस्था असायला हवी. पेशी मात्र दोन गटांत विभागल्या गेल्या, काहींत पॉलिमरेज अगदी कमी, काहींत खूप. द्विस्थिरतेला, म्हणजे दोन स्थिर अवस्था असायला, लागणारी वक्रता आली ती वाढ मंदावण्यातून. घट होण्याचं पद 'संहती गुणिले स्थिरांक' ही सरळ रेषा असायच्या ऐवजी संहती वाढेल तसं चपटं होत गेलं, आणि निर्मितीच्या वक्राला ते तीन ठिकाणी छेदू लागलं.

तुमच्या स्ट्रेनला हे लागू आहे का, ते तपासणं सोपं आहे. जीएफपी असलेला आणि नसलेला, दोन्ही स्ट्रेनच्या ओडीचे वक्र एकमेकांवर ठेवा. तंतोतंत बसले तर वाढीचा दर बाहेरून द्यायला हरकत नाही.

द्विगुण

जनुकाच्या प्रतींचा उल्लेख वर आला म्हणून आकडे देतो. कूपर आणि हेल्मस्टेटर यांच्या १९६८ च्या मांडणीनुसार, लवकर वाढणाऱ्या ई. कोलायमध्ये गुणसूत्राची पूर्ण प्रत काढायला साधारण ४० मिनिटं लागतात आणि त्यानंतर विभाजनापर्यंत आणखी २०. पेशी २० मिनिटांत दुप्पट होत असतील तर आधीची प्रत पूर्ण व्हायच्या आतच पुढची सुरू होते. अशा वेळी प्रतिकरण जिथून सुरू होतं तिथल्या जनुकाच्या सरासरी ८ प्रती असतात, संपतं तिथल्या जनुकाच्या २. तोच हिशेब ६० मिनिटांना लावला तर २ आणि सुमारे १.२६.

म्हणून जीएफपी गुणसूत्रावर आहे की प्लाझ्मिडवर (गुणसूत्राबाहेरचं छोटं डीएनए वर्तुळ), आणि गुणसूत्रावर असेल तर नेमकं कुठे, हे मॉडेलच्या फाइलमध्ये पहिल्या ओळीला लिहून ठेवावं. शिवाय हे आकडे दर पेशीमागचे आहेत. वेगाने वाढणाऱ्या पेशी आकारानेही मोठ्या असतात, तेव्हा संहतीच्या समीकरणात ते सरळ गुणू नका, आधी पेशीच्या आकारमानाने भागा.

अगरप्लेट

बेरीज यांनी सांगितलेली चाचणी नक्की करा. त्यांच्या उत्तरात आलेल्या २०१० च्या कामाला धरूनच तुमच्या 'फलन' असलेल्या प्रश्नाकडे येते.

कल्पना मोहात पाडणारी आहे, आणि तिच्यामागे भक्कम परंपराही आहे. १९५८ साली कोपनहेगनमध्ये शेक्टर, मालो आणि केलगार्ड यांनी साल्मोनेला जिवाणू वेगवेगळ्या माध्यमांत वाढवून पाहिले. तापमान तेच ठेवलं तर पेशीचा आकार आणि तिच्यातलं आरएनए, डीएनए यांचं प्रमाण वाढीच्या दरावरून ठरतं. तो दर कुठल्या माध्यमामुळे मिळाला, याने फरक पडत नाही. स्कॉट आणि ह्वा यांनी हेच रायबोसोमच्या भाषेत मांडलं: माध्यम बदलत जा, एकूण प्रथिनांतला रायबोसोमचा वाटा वाढीच्या दराबरोबर सरळ रेषेत चढतो. इथवर वाचलं तर वाटतं, निर्मिती ही वाढीचं फलन आहे, काम झालं.

आता त्याच पेशींना क्लोरॅम्फेनिकॉल द्या, मरणार नाहीत एवढंच. हे औषध रायबोसोमचं काम अडवतं. वाढ मंदावते. पण रायबोसोमचा वाटा खाली येण्याऐवजी वर जातो, कारण अडलेल्या रायबोसोमची भरपाई करायला पेशी आणखी रायबोसोम बनवते. आता दोन पेशी शेजारी ठेवून बघा, दोघीही ९० मिनिटांत दुप्पट होणाऱ्या. एक गरीब माध्यमामुळे मंद, दुसरी औषधामुळे मंद. वाढीचा दर सारखा, आतली पेशी पूर्ण वेगळी, आणि रायबोसोमला बाजूला सारून उरलेल्या जनुकांच्या वाट्याला काय येतं तेही वेगळं. 'निर्मिती = वाढीच्या दराचं फलन' असं लिहिणारं मॉडेल या दोघींत फरक करू शकत नाही. वाढ कशामुळे मंदावली, हा प्रश्न मॉडेलमध्ये कुठेतरी असायलाच हवा. वाढीचा दर हा परिणाम आहे, त्याला कारणाच्या जागी बसवताना फार जपून.

तुमच्या डेटात आणखी एक गुंता आहे. हे सगळे नियम स्थिर वाढीचे आहेत, आणि तुमच्याकडे ग्लुकोज संपतानाचं संक्रमण आहे. रायबोसोमसुद्धा टिकाऊ असतात आणि बव्हंशी विरलनानेच कमी होतात. वाढ दहा मिनिटांत कोसळली तर त्यांचं प्रमाण दहा मिनिटांत त्या सरळ रेषेवर येऊन बसणार नाही. म्हणून संक्रमणाच्या काळात स्थिर वाढीचं सूत्र वापरू नका.

मग करायचं काय? मी मोजण्याच्या बाजूने आहे. ज्या जनुकाचा अभ्यास करायचाय त्याच्याबरोबर, कुठलंही खास नियमन नसलेला एक प्रमोटर तशाच परिस्थितीत मोजायचा आणि दोघांच्या निर्मिती-दरांचं गुणोत्तर काढायचं. पेशीभर जे बदललं ते दोघांतही आहे, ते गुणोत्तरात निघून जातं. उरेल ते त्या जनुकाचं स्वतःचं. ग्रेनोब्लमधल्या एका गटाने २०१३ साली ई. कोलायमध्ये ग्लुकोज संपतानाचा काळ अशाच पद्धतीने तपासला. ज्या बदलांचं श्रेय ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरना (जनुकांचं नियमन करणाऱ्या प्रथिनांना) दिलं जायचं, त्यांतले बरेचसे पेशीच्या एकूण अवस्थेनेच समजावता आले. तुमचा सध्याचा स्ट्रेन म्हणजे हा संदर्भ-प्रमोटरच आहे, तो वाया गेलेला प्रयोग समजू नका. तुमच्या गटातल्या पुढच्या प्रत्येक जनुकासाठी तो लागणार आहे.

आता उड्यांबद्दल. सुरुवातीला ओडी फार लहान, आणि तुम्ही एका लहान आकड्यातल्या फरकाला दुसऱ्या लहान आकड्याने भागताय. एकामागच्या एक बिंदूंची वजाबाकी करून चढ काढलात तर ६ मिनिटांच्या अंतरावरचा प्रत्येक थरथराट मोठा होऊन येतो. चढ काढूच नका. उलट दिशेने जा: निर्मितीचा दर ही अज्ञात, पण हळूहळू बदलणारी रेघ माना. तिला ओडीने गुणून काळावर बेरीज करत न्या आणि येणारा फ्लुओरेसन्स मोजलेल्या फ्लुओरेसन्सला फिट करा. रेघ फार वाकडीतिकडी झाली तर दंड लावा. बेरजेत नॉइज दबतो, वजाबाकीत फुगतो. अभियांत्रिकीत तुम्ही अशी उलट गणितं सोडवली असतीलच.

ऋण आकडे मात्र गाळणीने जाणार नाहीत, ते बहुधा ब्लँकमधून, म्हणजे वजा करायच्या पार्श्वभूमीच्या मापातून, येतात. फक्त माध्यमाचा फ्लुओरेसन्स वजा करणं पुरत नाही, पेशी स्वतःही थोड्या चमकतात. जीएफपी नसलेला तोच स्ट्रेन त्याच प्लेटमध्ये ठेवा आणि त्याच ओडीला तो किती चमकतो ते वजा करा. बेरीज यांच्या चाचणीलाही तोच स्ट्रेन लागेल, तेव्हा एका प्लेटमध्ये दोन्ही कामं होतील. ब्लँकमधली चढउतारच ओडीच्या आसपास जाते असे सुरुवातीचे बिंदू सोडून द्या. त्यांतून काही निघणार नाही.

जीएफपी बनल्याबरोबर चमकत नाही हेही लक्षात ठेवा. त्याचा चमकणारा भाग तयार व्हायला वेळ लागतो आणि ऑक्सिजन लागतो. दाट झालेल्या वेलमध्ये ऑक्सिजन कमी पडला तर चमक मागे राहते आणि वाटतं निर्मिती घसरली. तुमची घसरण ओडीची चढण मोडते तिथूनच सुरू होते, म्हणून मला ती खरी वाटते. तरी एकदा ग्लुकोज आणखी कमी करून, कमी ओडीलाच वाढ थांबेल असं बघून, तोच आकार येतो का ते तपासा.

राहिलं आदल्या रात्रीचं कल्चर. रात्रभर वाढ थांबलेल्या पेशींत जीएफपी साठलेलं असतं, आणि ते जायला वाढीशिवाय मार्ग नाही हे आपण पाहिलंच. पाच दुपटींनंतर त्याचा ३२ वा हिस्सा उरतो, सहांनंतर ६४ वा. प्लेटमध्ये घालण्याआधी पेशी त्याच माध्यमात पातळ करून निदान एवढ्या दुपटी वाढू द्या, नाहीतर सुरुवातीच्या दोन-तीन तासांत उतरणारी रेघ दिसेल आणि तिच्यासाठी पुन्हा कुणीतरी रिप्रेसर सुचवेल.